स्वस्तातला रंग

रशीदभाई पेंटर गाडीकडे बघायच्या आधी तिच्या अंगावरून लोहचुंबक फिरवायचे. चुंबक घसरलं की तिथला पत्रा गंजून गेलेला, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली. मग चारचौघांत विचारायचे, "शेठ, गाडी घेतलीत का भिंत?" महाडात हायवेला त्यांची शेड होती. तिथून हसत बाहेर पडलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नाही.

सत्त्याण्णव साली मी शाळेत कारकून होतो. वय पस्तीस, बिनलग्नाचा. मुंबईच्या कुणा श्रीमंत पोराने टाकलेली दोन दारांची, बसकी स्पोर्ट्स गाडी मी हौसेने घेतली होती. तिच्यातून पोलादपूरला मुलगी बघायला जायचं होतं. जुना रंग खरवडून, गंज कापून काम केलं तर महिना जाणार, शिल्लकही संपणार. वरून फवारा मारला तर चार दिवस. मी आठवडाभर घोळ घातला. रशीदभाई वैतागले.

"तुला गाडी नाय रंगवायची रे, तुला पस्तिशी रंगवायचीय. ती रंगाच्या वरच्या हातानं झाकायची नाय!"

शेडमधली माणसं खो खो हसली. मी चार दिवसांचंच काम सांगितलं.

गाडी झकास दिसली. पोलादपूरची ती मुलगी, सुनंदा, मला नाही, पण गाडीला बघून तरी हसली. मला ती फार आवडली होती हो! तिच्या वडिलांचे ट्रक रशीदभाईंकडेच रंगायचे, आणि आमच्याकडे चौकशी केल्याशिवाय सोयरीक होत नाही. ते शेडवर गेले. रशीदभाई म्हणाले, "पोरगा वाईट नाय. पन गंज दिसला तरी वरून रंग मारणारा हाय." नकार आला. मी जाब विचारला तर म्हणे, "मुलीचा बाप विचारतो, त्याच्याशी खोटं बोलू?"

तीन वर्षांनी रशीदभाईंच्या मुलीसाठी, नसीमसाठी, दासगावची मंडळी माझ्याकडे चौकशीला आली. ती आमच्याच शाळेत शिकलेली, हुशार, सरळ मुलगी. मी सगळं चांगलंच सांगितलं. फक्त उठताना म्हणालो, "बाकी... जाऊ द्या. मुलीची जात, आपण कशाला बोला?" तेवढं पुरलं. लग्न मोडलं, आणि मला गार वाटलं. आता कशाला लपवू?

पुढे रंगाच्या वाफेने रशीदभाईंची छाती गेली. दवाखान्यात भेटायला गेलो तर माझा हात सोडेनात.

"नसीमचं कुठं जमत नाय रे. कुनीतरी कायतरी बोललंय. तुझ्या शब्दाला वजन हाय, चार लोकांत चांगलं बोल तिच्याबद्दल." जरा दम घेऊन म्हणाले, "तुझं मी मोडलं. तरी तू राग नाय धरलास."

मी मान हलवली. दोन दिवसांनी ते गेले.

मग मी खूप ठिकाणी बोललो. पण एकदा पसरलेलं परत गोळा होत नाही. नसीम अजून वडिलांच्याच घरात शिवणकाम करते. बाजारात दिसली की थांबून विचारते, "भाऊसाहेब, बरे आहात ना?" मी म्हणतो, "हो, बरा आहे."