चादरींना वास येतो म्हणून

समुद्राकाठच्या लॉजवाल्यांच्या चादरी धुण्यात मावशीचा अर्धा जन्म गेला होता. खरं नाव कुणी विचारलंच नाही. लहानथोर सगळ्यांची ती मावशीच. घरामागच्या विहिरीचं पाणी असं गोड, की चिमूटभर साबणाला बादलीभर फेस यायचा. पुढे वाळूत सुरूच्या झाडांना दोऱ्या बांधलेल्या. पाहुणे समुद्र बघायला येतात आणि मावशीच्या चादरींवर झोपायला राहतात, असं लॉजवाले गमतीनं म्हणत.

हॉटेलं वाढू लागली तेव्हा ती हरखून गेली. जितक्या खाटा तितक्या चादरी, हा तिचा सरळ हिशेब. धाकट्या दिराने सुरूच्या बाजूचा आपल्या वाटणीचा तुकडा हॉटेलला विकला, तेव्हाही तिने अवाक्षर काढलं नाही. उलट सुरू तोडायला आलेल्या माणसांना तिनेच चहा दिला. दोऱ्या काय, लोखंडी खांबांनाही बांधता येतात.

मग हॉटेलवाल्यांनी बोअर मारल्या. विहीर आधी खोल गेली, मग पाणी मचूळ झालं. घासून घासून हात सोलवटले तरी फेस धरेना. वाळलेल्या चादरी पुठ्ठ्यासारख्या कडक होऊ लागल्या. त्यातच सांडपाण्याचं गटार सरळ वाळूवर सोडलं गेलं. काळा ओघळ दोऱ्यांखालून समुद्राकडे निघाला. मावशीने नाकाला पदर लावून दिवस काढले. पुढे पदराची गरज वाटेनाशी झाली. केलं असेल काहीतरी त्यांनी, अशी तिने मनाची समजूत घातली.

एक दिवस एका लॉजच्या मॅनेजरने तिला बोलावून धुतलेल्या चादरींचा ढीग दाखवला. "मावशी, वास येतो यांना. पाहुणे रात्रीतून खोल्या सोडून जातात."

तिने चादर नाकाशी धरली. साबण, दुसरं काही नाही. काम काढून घ्यायचं निमित्त शोधताय, असं ती त्याला तोंडावर सुनावून आली.

त्याच आठवड्यात लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. उंबऱ्यातच थबकली आणि तिने बाळाच्या तोंडावर ओढणी टाकली.

"आई, इथे तुला घास तरी कसा जातो?"

"का गं, काय झालं?"

लेक तिच्याकडे बघतच राहिली. "तुला खरंच येत नाही वास?"

मावशी गटाराच्या काठाशी गेली, वाकली आणि छाती भरून श्वास घेतला. काहीच नाही. ती तिथेच वाळूत बसली. चादर आतून ओली की सुकी, हे नुसत्या वासावर सांगणारं नाक तिचं. आता कशावर भरवसा ठेवायचा? लेक संध्याकाळच्या आतच बाळाला घेऊन परत गेली. तूही चल, म्हणाली. पण जावयाच्या दारात कायमचं बसायला मावशीचं मन घेईना.

मग तिने जिवाचा आटापिटा केला. लांब राहणाऱ्या नणंदेकडे रिक्षाने गाठोडी नेऊन धुतली. रिक्षाभाड्यातच सगळं गेलं. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे चादर धरून ती विचारायची, "बघ रे, येतो का?" लोक तिला लांबून बघूनच रस्ता बदलू लागले. शेवटी ती दिराकडे गेली. निदान हॉटेलवाल्यांशी बोला तरी, म्हणाली. खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत बसून त्याने ऐकून घेतलं.

"वहिनी, तुम्हीही विकून मोकळ्या व्हा."

"आणि जाऊ कुठे?"

"कुठेही. इथे आता राहिलंय काय?"

त्याचंही खोटं नव्हतं. पाण्यात कुणी पाय घालेना, जुनी लॉजं एकेक करून बंद पडली. मोठ्या हॉटेलने मात्र तळघरात धुण्याची यंत्रं बसवली आणि मावशीला तिथेच कामावर घेतलं. खिडकी नाही, ऊन नाही. चादरी लोखंडी पिंपात गरगर फिरून सुकायच्या. पहिल्याच दिवशी यंत्रातून फसाफस बाहेर पडणारं पाणी बघून तिने शेजारच्या मुलीला विचारलं, "हे जातं कुठे गं?"

"खाली," मुलगी म्हणाली. "पाईपातून."

पाईप वाळूवरच्या त्याच गटारात सुटतो, हे मावशीला ठाऊक होतं. तिने दुसरा ढीग उचलला, यंत्रात कोंबला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.