तुळशीखालची माती

कोपरीच्या कल्पिताला नातेवाईक 'मातीवाली' म्हणत. तिला त्याचं काहीच वाटत नसे. कुणी "सध्या काय चाललंय?" असं विचारायची चूक केलीच, तर बिचाऱ्याचा चहा गार होईपर्यंत ही सांगत बसे: कोकणातली तांबडी माती आंबट असली की तिच्या कणांवर धन विद्युतभार असतो, आंबटपणा गेला की तोच ऋण होतो. कुठल्या मातीवर किती भार येईल ते आधीच सांगणारं मॉडेल तिने कित्येक वर्षं खपून संगणकावर बांधलं होतं.

आता एकच नमुना उरला होता, राजापूरजवळच्या त्यांच्याच गावचा. तो जुळला नाही तर मॉडेल नव्याने बांधा, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. आणि तो काही केल्या जुळेना. माती आणली तेव्हा मोजलेल्या आंबटपणावरून मॉडेल म्हणे धन, भार मोजणारं यंत्र म्हणे ऋण. कल्पिताने घरी ट्रेत वाळत घातलेली माती पुन्हा मोजली, यंत्राला बोल लावला, शेवटी जेवणच टाकलं. तेवढं मात्र तिच्या आईला, मालनबाईंना, सहन झालं नाही.

"अगं, त्या ट्रेतल्या मातीपायी उपाशी राहतेस? ती तर तुळशीतली."

"तुळशीतली?"

"आज लग्न नाही का तुळशीचं? म्हणून परवाच कुंडी नव्याने भरली. गावची ताजी माती तुझ्याकडे नुसती वाळत पडलेली, ती तुळशीला घातली. जुनी ट्रेत ओतली. तीपण गावचीच की!"

कल्पिताला आधी रडूच आलं. मग ती ताडकन उठली. दरवर्षी या लग्नाआधी मालनबाई कुंडीला काठापर्यंत चुना फासत, आणि तो पाण्याबरोबर मातीत उतरे. तिने ट्रेतल्या मातीचा आंबटपणा मोजला. नावालाही नव्हता. तो आकडा दिल्यावर मॉडेल मुकाट्याने म्हणालं, ऋण.

"जुळलं!" ती ओरडली आणि लगेच तिची नजर कुंडीकडे गेली. सरांना अस्सल नमुनाच हवा होता, आणि तो हिरव्या बांगड्या ल्यालेल्या तुळशीखाली होता. संध्याकाळी लग्नात पाणी घातलं की नवा चुना त्यातही उतरणार. पण लग्न लागेपर्यंत तुळशीला हात लावायचा नाही, हा मालनबाईंचा कायदा होता. त्यापायी त्यांनी सख्ख्या जावेशी अबोला धरला होता.

कल्पिताने मागितलंच नाही. मालनबाईंनी लेकीकडे पाहिलं, तुळशीला हात जोडले, पदर खोचला आणि बांगड्या बाजूला सारून स्वतःच मूठभर माती उकरून काढली.

"घे. नवरीची आहे, सांडू नकोस."