प्लग माझ्या हातात होता

आज मी जो काही आहे तो दस्तगीरमामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. गारगोटीजवळच्या खेड्यातून शिकायला इचलकरंजीला आलो, तेव्हा वडिलांच्या या मित्राने, यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने, मला घरात ठेवून घेतलं. बी.कॉम. होईपर्यंत त्यांच्याकडेच जेवलो. भुताखेताच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण गेल्या जुलैत जे झालं ते दिवसाढवळ्या, दुपारी सव्वातीनला, माझ्याच स्वयंपाकघरात झालं...

कोल्हापूरला राजारामपुरीत आमचा वन बीएचके. तिसरा मजला, बाल्कनी नाही. बायको सुरेखा घरीच ब्लाउज शिवते. पावसाळ्यात घरभर ओले कपडे लोंबायचे आणि गिऱ्हाइकांच्या कापडाला कुबट वास लागायचा. म्हणून धुऊन वाळवणारं एकच मशीन घ्यायचं ठरलं. वाफेच्या पाइपासाठी सोसायटी भिंतीला भोक पाडू देईना.

दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्याला भोकच लागत न्हाय. वाफंचं पाणी करून मोरीत सोडतंय."

"वाळत्यात का नुसती गरम हुत्यात?" सुरेखाने विचारलं.

"वाळत्यात की वहिनी! फकस्त धुवायला आठ किलो घातली तरी वाळवायला पाचच ठेवायची. आन घाई करायची न्हाय, चार तास लागत्यात."

महिनाभर मशीन उत्तम चाललं. त्या रविवारी प्रोग्रॅम संपल्याची शिट्टी वाजली. सुरेखाने दार उघडून साडी ओढायला आत हात घातला — आणि ड्रम फिरला. दार सताड उघडं असताना! साडी तिच्या मनगटाला आवळली, उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला, कपाळ पत्र्यावर आपटलं.

"अवो, आतनं कोण तरी वडतंय!" ती किंचाळली.

मी धावत जाऊन प्लग उपटला. प्लग माझ्या हातात होता आणि ड्रम फिरतच होता. मशीन दणादण आदळत भिंतीपासून हातभर पुढे आलं. तिचं कपाळ पुन्हा पुन्हा पत्र्यावर आपटत होतं, फरशीवर रक्त सांडलं. मी वरवंटा उचलून घाव घातले. पत्रा चेपला, दाराची काच फुटली, माझा तळवा फाटला... ड्रम थांबेना. शेवटी तिला कमरेला धरून सगळ्या ताकदीनं मागे खेचलं. कटकन आवाज आला. मी आणखी जोरात खेचलं.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी गरजलं — "माणूस वडू नगंस! कापड काप, कापड!"

मागाच्या शेडमधला हा पहिला नियम. कुणी अडकलं तर माणसाला ओढायचं नाही, कापड कापायचं. शिलाईच्या टेबलावरची कात्री घेतली आणि साडी कापली. सुरेखा माझ्या अंगावर कोसळली. ड्रम थांबला.

मागे कुणीच नव्हतं.

आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. रिक्षा बोलावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते म्हातारं कुठं गेलं?"

"कोण म्हातारं?"

"मग कापड काप म्हणून बोंबलत कोण हुतं? जिन्यापातूर ऐकू आलं की!"

आवाज मी ओळखला होता. तो दस्तगीरमामांचा होता. पण घशाच्या ऑपरेशननंतर तीन वर्षं मामांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. त्या दुपारी ते इचलकरंजीत घरी झोपले होते, असं त्यांची सून सांगते. आणि मशीन? मेकॅनिक म्हणाला, "साहेब, करंट न्हाय तर मोटर फिरंल कशी?" मला अजूनही काही उलगडा झालेला नाही. मामांना फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र पाठवलं. ते इथे देतो.

"मामा, नमस्कार.

सुरेखाचं प्लास्टर निघालं. कोपर अजून पुरतं वळत नाही, पण सुई धरता येते. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडी ओढ बसली असती तर हात गेला असता. तिला वाटतं, मशीनने हाड मोडलं. मामा, कटकन आवाज आला तेव्हा तिला मी खेचत होतो. आवाज ऐकूनही मी आणखी खेचलं. त्या दुपारी तुम्ही कुठे होता, हे मी विचारत नाही. तुम्ही ओरडला नसता तर मी थांबलो नसतो, एवढंच मला माहीत आहे. आधी तुम्हाला लिहिलं, कारण तिला सांगायचा धीर होत नव्हता. हे पत्र पेटीत टाकतो आणि घरी जाऊन तिला सांगतो.

तुमचा,
महादेव"