टेबलाखालची किटली

गेल्या वर्षी चौदा डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता, दौंडमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात मला कथास्पर्धेचं दुसरं बक्षीस मिळालं. रक्कम पंधराशे रुपये, पाकिटात. हजर माणसं एकतीस. मंचावर बसल्या बसल्या मी ती मोजली. त्यातली माझ्याबरोबर आलेली दोनच, माझी बायको आणि आप्पा.

आप्पा आमचे नातेवाईक नाहीत. भीमेकाठच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे, तिथं ते बावीस वर्षं दुधाची फॅट तपासतात. आमच्या दोन गाईंचं दूध मी रोज सकाळी तिथं घालतो आणि मग रांजणगावला कंपनीत जातो. तिथं मी स्टोअरला आहे. बक्षिसाचं कळल्यावर आप्पाच म्हणाले, "दौंडाला यष्टीनं कशाला जातो? भाच्याची गाडी हाय. मी येतो." सकाळचं दूध आटोपून, इस्त्रीचा सदरा घालून ते आले आणि सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले.

कथा एका बाईची होती. एकच गाय असलेली ही बाई दूध केंद्रावरची लबाडी सगळ्यांसमोर उघडी पाडते. पहिला खर्डा मी शिरूरला एका निवृत्त सरांना दाखवला होता. सर म्हणाले, "बाई चांगली उतरलीय. पण फॅट तपासणारा माणूस नुसता उभा आहे. दुय्यम पात्र असलं तरी त्याला काहीतरी करायला द्या. नाहीतर बाई भांडणार कुणाशी?"

मला ते पटलं. घरी येऊन मी त्या माणसाला डाव्या खांद्यावर टॉवेल दिला. कप मशीनला लावायच्या आधी त्यावर फुंकर मारायची सवय दिली. फॅटचा आकडा दोनदा म्हणायची लकब दिली, एकदा गवळ्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी. "तीन आठ. तीन आठ." हे सगळं आप्पांचं. मला वेगळं काही सुचलंच नाही. रोज सकाळी समोर दिसत होतं ते उचललं. आणि मग करायला काहीतरी हवं म्हणून एक वाक्य घातलं:

"नमुन्याचं उरलेलं दूध तो टेबलाखालच्या किटलीत ओतायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा."

शब्द अकरा. पहिले सात खरे. मशीनला दूध थोडंसंच लागतं, कपात बरंच उरतं आणि आप्पा ते खरोखरच टेबलाखालच्या किटलीत ओतायचे. पण त्या दुधाचा चहा व्हायचा आणि रांगेतली माणसं तो प्यायची. अकरा वर्षं मीही प्यायलो. खोटे होते ते शेवटचे चार शब्द.

दौंडला प्रत्येकाला आपल्या कथेचं एक पान वाचायला सांगितलं. आयोजकांनी माझं हेच पान निवडून ठेवलं होतं. मी माईकसमोर उभा राहिलो, टॉवेलपाशी आलो आणि माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. आप्पा मान जरा पुढं काढून ऐकत होते. वाक्य गाळता आलं असतं. गाळलं नाही, कारण त्याच वाक्यावर हशा येणार हे मला माहीत होतं. आला.

परतताना भीमेच्या पुलावर आप्पा म्हणाले, "कथा बरी हाय. त्यो फॅटवाला मातर लई बेरकी दावलायस."

"आप्पा, तो कल्पनेतला आहे."

"व्हय, व्हय. टावेल बी कल्पनेतलाच." ते हसले. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आधी इचारायचं तरी त्यांना."

मी विचारलं नाही, आणि पुढच्या महिन्यात तर त्याहून वाईट केलं. बक्षीस मिळालेल्या कथांचा अंक निघाला, त्याच्या वीस प्रती मी विकत घेतल्या आणि गावात वाटल्या. सलूनमध्ये दोन ठेवल्या. केंद्रावरही चार ठेवल्या, आप्पांच्याच टेबलावर.

आठवड्याभरात रांगेतून आवाज यायला लागले. "आप्पा, आज घरी किती लिटर?" दुसरा म्हणायचा, "सुनंला सांगा, बासुंदी कमी करा म्हणावं." आप्पा सुरुवातीला उलटून बोलायचे, "तुझ्या गाईच्या दुधाची बासुंदी? पाणी आटवायलाच सरपण सरंल की!" लोक हसायचे. मीही हसायचो. मग एक दिवस माझ्या पुढं उभा असलेला माणूस शेजाऱ्याला हळूच म्हणाला, आणि ते चेष्टेतलं नव्हतं, "उगाच लिव्हलंय व्हय त्यानं? रोज बघतोय त्यो. आन् आकड्याचा माणूस हाय, खोटं कशाला लिव्हील?"

हे मला आजही टोचतं. गावात माझी ओळख तीच आहे. यात्रेचा हिशोब माझ्याकडे असतो. कंपनीत एक बोल्ट कमी भरला तरी मी रजिस्टर मिटत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर लोकांनी गोष्ट म्हणून सोडून दिली असती. माझ्या हातचं म्हणून ती नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी टेबलाखाली किटली नव्हती. आप्पा फॅट बघत होते आणि कपातलं उरलेलं दूध ज्याचं त्याच्या कॅनमध्ये परत ओतत होते. कॅन बेचाळीस. रांग वीस मिनिटं लांबली. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी आकडा एकदाच म्हटला, "तीन आठ." मग कप माझ्या कॅनवर उपडा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला.

"घे. मोजून घे."

त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी कथा पुन्हा काढली आणि शब्द मोजले. एकूण दोन हजार तीनशे सोळा. बाईला मी सगळं दिलं होतं. ती तापट का, तिला दुधाचा प्रत्येक थेंब का मोलाचा, तिचा नवरा अंथरुणाला का खिळला. फॅटवाल्याच्या वाट्याला एकशे अठरा शब्द, आणि त्यात एकही 'का' नाही. बाई उंच दिसावी म्हणून मी त्याला खाली बसवलं होतं. स्टोअरमध्ये मी असं कुणाला करू दिलं नसतं, एका कप्प्यातला माल उचलून दुसऱ्यात भरायचा आणि नोंद करायची नाही.

चार दिवसांनी, केंद्र रिकामं झाल्यावर, मी बक्षिसाचं पाकीट घेऊन गेलो. आप्पा मशीन धूत होते.

"आप्पा, चूक झाली. हे घ्या."

"किती हाय?"

"पंधराशे. सगळेच्या सगळे."

"मी चोर न्हाई, ह्ये ऐकायला मी पंधराशे घ्यायचे व्हय? ठेव खिशात."

मी म्हणालो, सर म्हणाले म्हणून मी तसं लिहिलं, कथेत असं करावं लागतं. त्यांनी नळ बंद केला. "त्या चहाला साखर कुणाची हुती? पत्ती कुणाची? इतकी वर्सं पेलास, कवा इचारलंस?"

नव्हतं विचारलं. इतक्या वर्षांत सगळ्या गावाचे आकडे मी मांडले, पण तो चहा आप्पांच्या खिशातून होतो हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

"मग काय करू, सांगा."

"दौंडात माईकवर वाचलंस. हितं माईक न्हाई. तरी वाच."

"आणि किटली?"

"भंगारात घातली. चाळीस रुपये आले."

जे वाचायचं ते मी सहा वेळा लिहिलं. पहिल्या पाच खर्ड्यांत कुठं ना कुठं सर होते, कल्पना होती, साहित्य होतं. सहाव्यात ते सगळं काढलं. सकाळी साडेसहाला, रांग भरलेली असताना, मी टेबलाशेजारी उभा राहिलो. मी वाचलं की कथेतला टॉवेल, फुंकर आणि किटली आप्पांची आहे आणि चोरी माझी आहे. ते दूध कधी घरी गेलं नाही, आपल्या सगळ्यांच्या पोटात गेलं. साखर आणि पत्ती आप्पांची होती. मी त्यांना न विचारता हे लिहिलं आणि माझ्या हातानं गावात वाटलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमचा च्या बंद केला त्यो तू व्हय रं?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. "पुढं सरका," म्हणाले, "दूध नासंल."

त्याच आठवड्यात मी शिरूरहून किटली आणली, पहिलीएवढीच, ॲल्युमिनियमची. आप्पांनी ती फिरवून पाहिली आणि टेबलाखाली न ठेवता टेबलावर ठेवली, झाकण काढून. मग ते कप गवळ्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वतायचं आसंल तर आपल्या हातानं वता. न्हाईतर ने घरी." पहिलं मी ओतलं. बेचाळीसपैकी सव्वीस जणांनी ओतलं. सोळा जणांनी आपलं दूध कॅनमध्ये परत घेतलं. परवा मोजले तेव्हा परत घेणारे नऊ होते. ते नऊ अजून माझं वाक्य खरं धरतात, आणि ते मला कुठंच खोडता येत नाही.

आप्पा माझ्याशी बोलतात. माझा आकडा मात्र अजून एकदाच म्हणतात.

बक्षिसाच्या पंधराशेपैकी सहाशे चाळीस रुपये किटलीचे, शिरूरच्या भांडेवाल्याला रोख दिले. उरलेले आठशे साठ साखर आणि चहापत्तीचे, गावातल्या किराणा दुकानदाराला. आप्पांना काही नाही. त्यांनी घेतले नाहीत.