खुलाशाचा मजकूर

आमच्या डेपोतल्या त्या साहेबाबद्दल चांगलं लिहायला बसले, तर एक ओळसुद्धा भरणार नाही. सकाळी केबिनमध्ये शिरता शिरता तो माझ्या टेबलापाशी थांबायचा आणि विचारायचा, "काय बाई, आज कुणाकुणाला पत्रं काढायची?" पत्रं म्हणजे आरोपपत्रं. गाडी उशिरा आली, आरसा फुटला, प्रवाशाशी हुज्जत झाली, की ड्रायव्हर-कंडक्टरच्या नावाने आरोपपत्र निघायचं, आणि ते टाइप करायचं काम माझं. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा. अजूनही जातो.

आता माझंही सांगते. आरोपपत्र मी काढायचे आणि त्याचं उत्तर, म्हणजे खुलासा, तोही मीच सांगायचे. गुपचूप. साहेब चहाला गेला की ज्याला पत्र मिळालंय तो माझ्या टेबलापाशी यायचा. मी रद्दी कागदाच्या पाठीवर मजकूर खरडून द्यायचे आणि तो स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायचा. मजकूर ठरलेला होता: सदर चूक मला मान्य आहे, यापुढे असे होणार नाही, तरी एक वेळ माफ करावे. वाकणारा माणूस साहेबाला आवडायचा. नुसता ठपका ठेवून तो प्रकरण मिटवायचा. वाद घालणाऱ्याची मात्र चौकशी लागायची, वर्ष वर्ष चालायची, पगारवाढ अडकायची. त्यामुळे मी लोकांचं भलं करतेय असं मला वाटायचं. "मॅडमकडं जा, मॅडम सोडवत्यात," असं गाडीवरचे लोक एकमेकांना सांगायचे आणि ते कानावर आलं की मी फुगायचे.

नेवाशाकडचा एक कंडक्टर होता. नोकरीची चार वर्षं उरलेली, मणक्यात गॅप, कमरेला कायम पट्टा. ड्यूटी मात्र अकोले तालुक्याच्या डोंगरातली. त्या वळणांवर उभं राहून तिकिटं काढायची म्हणजे त्याच्या पाठीचे हालच. त्याला वाहतूक नियंत्रक व्हायचं होतं. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा बघायच्या. बसून करायचं काम. त्याची परीक्षा तो पास झाला होता. निवड यादी लागायची तेवढी बाकी होती.

त्याच सुमारास डोंगरातल्या एका रस्त्यावरची मोरी खचली. त्याने खाली उतरून बघितलं, साहेबाला फोन लावला आणि गाडी अलीकडच्या गावातूनच परत फिरवली. पुढच्या गावची माणसं सामानसुमान घेऊन चालत गेली. त्यांनी सह्यांचा अर्ज केला, तो कुठल्याशा पुढाऱ्यामार्फत वर पोचला, आणि वरून विचारणा झाल्यावर साहेबाने खापर सरळ कंडक्टरवर फोडलं. विनापरवानगी फेरी अर्धवट सोडली, असं आरोपपत्र त्याने मला तोंडी सांगितलं. सांगताना मोबाईलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होता.

कंडक्टर रागारागाने माझ्याकडे आला.

"मॅडम, म्या फोन केल्ता. साहेबच म्हनले, फिरव गाडी. मंग चूक माझी कशी?"

"फोनवरचं बोलणं कागदावर आहे का?"

"न्हाई."

"मग साहेबाचं नाव घेऊ नका. चूक मान्य करा. ठपक्यावर भागेल."

"पर चूक माझी न्हाईच ना!"

मी वैतागले. मागे आणखी दोघं ताटकळत होते आणि साहेब यायची वेळ झाली होती. "इतक्या जणांना सोडवलंय मी," मी म्हटलं, "तुम्ही मला शिकवू नका." मी खरडलेला कागद त्याने उचलला. मग खाली बसला आणि उतरवून काढला.

मी म्हटल्याप्रमाणे ठपक्यावरच भागलं. तिसऱ्या आठवड्यात निवडीसाठी पात्र-अपात्र यादी करायला घेतली, तेव्हा कुठे त्याचं नाव समोर आलं. चालू वर्षात कसलीही शिक्षा झालेला माणूस अपात्र. ठपका हीसुद्धा शिक्षाच. हा नियम मला पाठ होता. त्याने परीक्षा दिल्याचा कागद माझ्याच कपाटात होता. तरी खुलासा सांगताना माझ्या मनातही आलं नाही, कारण समोरच्या माणसाचा विचार करायचं मी कधीच सोडून दिलं होतं. अपात्रांच्या यादीत त्याचं नाव मी टाइप केलं.

त्याने अपील केलं. ते कुणाकडून लिहून घेतलं, हे मला विचारवलं नाही. ते फेटाळलं गेलं, हे आधीच सांगून टाकते.

सुनावणीला वरचे अधिकारी आले होते. शेजारी आमचा साहेब, इस्त्रीच्या शर्टात, पाय हलवत. मी जबाब टाइप करायला बसले होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, "अपिलात म्हणता, साहेबांनीच फोनवर सांगितलं. मग खुलाशात चूक मान्य का केलीत?"

तो हातातल्या अपिलाची घडी घालू लागला.

"कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत का? तसं असेल तर स्पष्ट बोला. मग मला विचार करता येईल."

साहेबाने पाय हलवायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. खुलासे कोण सांगतं ते त्याला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. आरोपपत्र काढणारीच खुलासा सांगते, हे उघड झालं तर माझ्यावरच कारवाई. नवऱ्याला नागापूरच्या कंपनीने ब्रेक देऊन घरी बसवलेलं, घर माझ्या पगारावर. मी उठून बोलू शकत होते. तोंड उघडायला एवढा वेळ लागत नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिले, आणि माझ्या मनात एकच होतं: याने माझं नाव घेऊ नये. साहेबाचा मला इतकी वर्षं राग येत होता, पण त्या घडीला मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत शोभले असते.

कंडक्टरने एकदा माझ्याकडे बघितलं. मग कमरेचा पट्टा सावरून सरळ उभा राहिला.

"न्हाई साहेब. कुनी सांगितलं न्हाई. अक्षर माझं, मजकूरबी माझाच."

"लिहून घ्या, मॅडम," अधिकारी म्हणाले.

मी लिहून घेतलं.