गच्चीवरचं नारिंगी पातळ

मला लढाईतलं ओ की ठो कळत नाही. बाबा तरुणपणी पायदळात होते आणि देवासच्या आमच्या घरात तो विषय निघाला की ते चहा मागत, एवढंच माहीत होतं.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांना हवं ते आठवेनासं झालं आणि नको ते आठवायला लागलं. एकदा जेवताना त्यांनी सांगूनच टाकलं. पुढच्या तुकडीने जमिनीवर भडक नारिंगी कापड अंथरायचं. आपलं विमान वरून ते बघतं आणि कापडाच्या पुढे जे असेल त्यावर बॉम्ब टाकतं. त्या दिवशी आपली माणसं पुढे सरकली, कापड मागेच राहिलं. त्यात त्यांचा टोंकखुर्दचा जिवलग मित्र गेला. म्हणजे ज्यांच्या मदतीला विमान आलं, त्यांच्यावरच? मग कापड हलवायचं कोणी होतं? मी विचारलं, तर म्हणाले, "पोळी वाढ."

मित्राच्या बायकोला त्यांनी शत्रूचा तोफगोळा लागला असं सांगितलं होतं. ही काकी दर उन्हाळ्यात आमच्याकडे साबुदाण्याच्या पापड्या घालायला येते. बाबांच्या तोंडून निसटलं तर या वयात तिचं काय होईल? येऊ नको म्हणायला कारण सुचेना, आणि ती आली.

गच्चीवर आईचं जुनं पातळ अंथरून आम्ही पापड्या घालत होतो. ते नारिंगी आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तेवढ्यात इंदूरला उतरणारं एक विमान घरघरत गेलं. बाबा जिन्यातून धापा टाकत आले आणि पातळाचं टोक ओढायला लागले.

"पुढे घ्या! आपली माणसं पुढे गेलीत!"

"बाबा, पापड्या ओल्या आहेत!" मी ओरडले. दुसरं काय ओरडणार?

काकीने पळी खाली ठेवली. ती उठली, तिने पातळाचं दुसरं टोक धरलं आणि तिच्या माळवीत विचारलं, "कां तक ले चलाँ, भिया?"

"टाकीपर्यंत."

दोघांनी ते टाकीपर्यंत ओढत नेलं. पापड्यांचा पार लगदा झाला. बाबा आकाशाकडे बघत राहिले.

"अब ऊपर से दिख जायगा, भिया," काकी म्हणाली. "अब वी बच जायगा." वी म्हणजे ते, तिचे यजमान.

मला रडू फुटलं. तिला हे कोणी सांगितलं, किती उन्हाळे ते मनात ठेवून ती आमच्याकडे पापड्या घालत होती, मला अजून कळलेलं नाही.