उजव्या कानाचा फोन

पत्रे कापायच्या यंत्राशेजारी माणसाचं अर्धं आयुष्य सरलं, की यंत्र त्याचा एक कान घेऊन जातं. खडखडाटानं पत्रेकाकांचा उजवा बहिरा झाला. त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही, लेकीलासुद्धा नाही. उजवीकडून कुणी बोललं की ते सावकाश मान वळवत, आणि लोक म्हणत, काय रुबाब आहे म्हाताऱ्याचा!

मग त्यांचं काळीज आळसावलं. मध्येच ठोका द्यायला विसरू लागलं. एकदा नळाखाली हात धुता धुता ते कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा पाणी वाहतच होतं. घरात नळ बंद करणारं दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकरची छोटी डबी बसवली. घरी सोडताना मशीनवाल्या ताईंनी बजावलं, "काका, फोन उजव्या कानाला लावायचा हं." काकांनी मान डोलावली. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

लेकीचा फोन रविवारी येई. बटणांच्या जुन्या फोनचा मोठ्या आवाजाचा स्पीकर कधीचाच फाटलेला. डाव्या कानाला लावला तर डबी बिघडेल, या धास्तीने काका तो उजव्यालाच धरत. पलीकडे विहिरीच्या तळासारखी शांतता. ते आपलं सांगत, जेवलो, झोपलो. मग अंदाजाने थांबत आणि "बरं, बरं" म्हणत. फोन ठेवला की लेकीचा आवाज कसा होता, ते आठवत बसत.

तपासणीला गेले तेव्हा ताईंनी छातीवर चकती ठेवली. पडद्यावर ठोक्यांच्या रेघा धावू लागल्या.

"ही डबी सारखी धक्के मारते का हो?"

"छे! काळीज आपणहून चाललं, तर गप्प बसून लक्ष ठेवते. ठोका लांबला की तारेतून विजेचा बारीकसा टोचा देते."

"म्हणजे आमच्या मुकादमापेक्षा शहाणी. तो काम चालू असतानाच ढोसायचा."

ताई खळखळून हसल्या. त्या हसण्यानं काकांना धीर आला. "एखाद्याचा उजवा कान बहिरा असला, तर?"

"कुणाचा?"

काकांचा हात उजव्या कानाकडे गेला.

"अहो काका! मग डाव्याला लावा की. छातीपासून वीतभर लांब असला की झालं, फक्त शर्टाच्या खिशात ठेवू नका. उजवा आपला जास्तीची काळजी म्हणून सांगतो. आधी बोलायचं नाही का?"

घरी आल्या आल्या काकांनी रविवारची वाट न पाहता फोन लावला.

"बाबा? आज मध्येच?" लेकीचा आवाज दमलेला होता. मागे चिकटपट्टी ओढल्याची खरखर.

"काय चाललंय गं?"

"खोकी भरतोय. शुक्रवारी निघायचं ना."

"कुठं?"

"असं काय करता, बाबा? यांची बदली, समुद्रापार. दर रविवारी मी विचारत होते, तुम्ही नको म्हणालात तर इथंच राहतो. तुम्ही नुसतं 'बरं, बरं'. मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही."

काकांनी पाठ भिंतीला टेकवली. "पोरी, मला ते ऐकूच आलं नव्हतं."

खरखर थांबली. त्यांनी यंत्रापासून सगळं सांगितलं.

"तिकिटं काढलीत, बाबा," ती म्हणाली. "आता मी काय करू?"

काकांनी फोन डाव्या कानाशी घट्ट धरला. "तू बोल," ते म्हणाले. "अजून थोडं बोल."